सॉलिसिटर उत्तर देत नाही : फाइल नेमकी कुठे अडलीय ते कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रीडिंग शहरातलं एक मराठी जोडपं इंग्लंडमधलं आपलं पहिलं घर घेतंय, लीजहोल्ड फ्लॅट, म्हणजे इमारत दुसऱ्याच्या मालकीची आणि फ्लॅट ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने (लीजने) आपला. ऑफर मान्य होऊन तीन महिने उलटले. सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील, फोनवर सापडत नाही, मेलला आठवड्याने एका ओळीचं उत्तर येतं : समोरच्या बाजूची वाट पाहत आहोत. डिपॉझिटचा, म्हणजे किमतीतल्या आपण स्वतः भरायच्या रकमेचा, काही भाग पुण्याहून आईवडिलांनी पाठवलाय. मॉर्गेज ऑफरची, म्हणजे बँकेने मंजूर केलेल्या घरकर्जाची, मुदत पुढच्या महिनाअखेरीस संपते. सॉलिसिटर बदलावा का, तक्रार कुठे करायची, आणि भाड्याच्या घराची नोटीस कधी द्यायची, असं त्यांनी विचारलंय.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं कन्व्हेयन्सिंग करते, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीचं कायदेशीर काम. टेबलाच्या पलीकडून हे सगळं कसं दिसतं ते सांगितलं तर तुम्हाला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळेल.

आधी जीव थोडा भांड्यात पडू दे. लीजहोल्ड फ्लॅटला ऑफरपासून चाव्या मिळेपर्यंत चार-पाच महिने लागणं इथे अजिबात दुर्मिळ नाही. त्यामुळे तीन महिने झाले एवढ्यावरून सॉलिसिटर नालायक ठरत नाही. तीन महिने झाले आणि काय बाकी आहे हेच तुम्हाला माहीत नाही, ही मात्र खरी अडचण आहे, आणि ती दूर करता येते.

आपल्याकडच्या सवयीमुळेही जीव जास्त टांगणीला लागतो. पुण्यात फ्लॅट घेताना विसार दिला, वकिलाने तीस वर्षांचा सर्च काढला, सब-रजिस्ट्रारकडे करारनामा नोंदवला की आपण निर्धास्त. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑफर मान्य झाली तरी एक्सचेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत कोणीही बांधील नसतं. जमिनीच्या किंवा घराच्या विक्रीचा करार लेखी हवा आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, असं १९८९ च्या कायद्यात स्पष्ट आहे. तोवर विक्रेता जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो, तुम्हीही माघार घेऊ शकता. म्हणून मधला प्रत्येक आठवडा जोखमीचा असतो. तुमची घाई रास्तच आहे. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, हे तिथल्या घराला लागू नाही.)

आता सॉलिसिटर गप्प का असतो ते सांगते. एका माणसाकडे एकाच वेळी अनेक डझन फाइली असतात. फी आधीच ठरलेली असते, त्यामुळे तुमच्याशी अर्धा तास फोनवर बोलण्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. रोजचं काम बऱ्याचदा पॅरालीगल, म्हणजे सॉलिसिटरचा सहायक, बघतो आणि सॉलिसिटर सहीपुरता येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, फाइलवर नवा कागद आल्याशिवाय ती उघडलीच जात नाही. समोरून उत्तर आलं की उघडायची, नाही आलं तर ती तशीच पडून. चांगलं ऑफिस दर आठवड्याला पाठपुरावा करतं, गर्दीचं ऑफिस करत नाही. एस्टेट एजंटने सुचवलेल्या मोठ्या कंपनीकडे काम दिलं असेल तर तिथे गर्दीच जास्त असण्याची शक्यता आहे. एजंटला अशा शिफारशीबद्दल कमिशन मिळत असेल तर ते त्याने तुम्हाला सांगायला हवं होतं.

म्हणजे शांततेचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की कोणीतरी कशाची तरी वाट बघतंय. कोण आणि कशाची, हे नावानिशी शोधून काढणं हेच तुमचं काम.

त्यासाठी 'काय चाललंय?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला 'वाट पाहत आहोत' हे उत्तर बसतं, आणि ते खरंही असतं. असा प्रश्न विचारा की ज्याच्या उत्तरासाठी फाइल उघडावीच लागेल. विषयाच्या ओळीत फाइल नंबर, घराचा पत्ता आणि मॉर्गेज ऑफर संपण्याची तारीख लिहा. खाली फक्त एवढंच (एन्क्वायरी म्हणजे आपल्या सॉलिसिटरने विक्रेत्याच्या सॉलिसिटरला विचारलेले लेखी प्रश्न, सर्च म्हणजे स्थानिक पालिका, म्हणजे काउन्सिल, वगैरेंकडून मागवलेली घराची माहिती, मॅनेजमेंट पॅक म्हणजे इमारतीच्या कागदांचा संच) :

'कृपया कळवा : ज्या एन्क्वायरींची उत्तरं अजून आलेली नाहीत त्यांची यादी, आणि प्रत्येकीचा शेवटचा पाठपुरावा कोणत्या तारखेला झाला. कोणते सर्च आले, कोणते बाकी आहेत. मॅनेजमेंट पॅक आला का, नसल्यास विक्रेत्याने त्याचे पैसे भरलेत का. आमच्याकडून काही हवं आहे का. मी गुरुवारी दुपारी दोन वाजता फोन करते, त्याआधी मेलवर उत्तर मिळालं तर फोनची गरज पडणार नाही.'

शेवटचं वाक्य गाळू नका. समोरच्या माणसाला फोन टाळायचा असतो, म्हणून बुधवारी संध्याकाळी उत्तर येतं. असा मेल आठवड्यातून एकदाच, शक्यतो मंगळवारी पाठवा. सोमवारी आठवडाअखेरचा साठलेला ढीग असतो, शुक्रवारी सगळे कंप्लीशनच्या, म्हणजे पैसे देऊन चाव्या घेण्याच्या दिवसाच्या, पैशांमागे धावत असतात. रोज मेल करणाऱ्या ग्राहकाचं काम लवकर होतं हा गैरसमज आहे. त्या फाइलला दिलेला वेळ मेलला उत्तरं देण्यातच संपतो.

मेलमधल्या मॅनेजमेंट पॅकबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमचा फ्लॅट लीजहोल्ड आहे आणि माझा पहिला संशय तिथेच जातो. इमारतीचा मालक किंवा त्याचा मॅनेजिंग एजंट एलपीई १ नावाचा फॉर्म भरून देतो. त्यासोबत ग्राउंड रेंटची (मालकाला द्यायच्या जमीनभाड्याची) स्थिती, गेल्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे (देखभाल खर्चाचे) हिशेब, इमारतीचा विमा, आगीच्या धोक्याचा अहवाल, पुढे होणारी मोठी दुरुस्ती, असं सगळं येतं. याचे काही शे पौंड लागतात आणि ते विक्रेता आधी भरतो. पैसे भरल्याशिवाय एजंट कागदाला हात लावत नाही, आणि भरल्यावरही काही आठवडे घेतो. माझ्याकडच्या एका फाइलमध्ये विक्रेत्याच्या सॉलिसिटरने हे पैसे मागितल्याचा मेल विक्रेत्याच्या स्पॅममध्ये पडून होता. दोन्हीकडचे सॉलिसिटर एकमेकांना 'वाट पाहत आहोत' असं लिहीत राहिले आणि कित्येक आठवडे वाया गेले. शेवटी खरेदीदार बाईंनी एस्टेट एजंटला सरळ विचारलं, पॅकचे पैसे भरलेत का? त्याच संध्याकाळी विक्रेत्याने ते भरले.

इमारत ११ मीटर वा त्याहून उंच किंवा पाच मजल्यांची वा त्याहून मोठी असेल तर २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याखालचे दाखलेही लागतात. एक लीज असलेल्याने द्यायचा, एक इमारतीच्या मालकाने. मालक परदेशी कंपनी असेल तर तो दाखला काढता काढता सगळे मेटाकुटीला येतात. इथे सॉलिसिटरला 'असू दे, पुढे चला' म्हणून उपयोग नाही. तो तुमच्याबरोबरच बँकेचंही काम करत असतो, बँकेच्या नियमावलीत बसत नसेल तर त्याला बँकेला कळवावंच लागतं. अशा ठिकाणी उशीर झाला तर तो तुमच्या भल्यासाठीच आहे असं समजा. क्लॅडिंगचा, म्हणजे इमारतीचं बाहेरचं धोकादायक आच्छादन बदलण्याचा, खर्च पुढे तुमच्या गळ्यात पडण्यापेक्षा दोन महिने जास्त थांबणं परवडलं.

आता आपली बाजू. मेलमधला 'आमच्याकडून काही हवं आहे का' हा प्रश्न उपचार म्हणून घातलेला नाही. भारतातून पैसे येतात त्या फाइलींमध्ये मी अनेकदा पाहिलंय की अडकलेलं कारण खरेदीदाराकडेच असतं, फक्त ते त्याला कोणी नीट सांगितलेलं नसतं.

२०१७ च्या मनी लाँड्रिंगविषयक नियमांनुसार पैसा कुठून आला हे सॉलिसिटरला तपासावं लागतं. आईवडिलांनी दिलेल्या रकमेसाठी त्यांची ओळखपत्रं, ही भेट आहे आणि घरात त्यांचा हक्क राहणार नाही असं पत्र, त्यांच्या खात्याचं काही महिन्यांचं स्टेटमेंट, आणि मुळात ती रक्कम त्यांच्याकडे कशी आली याचा पुरावा लागतो. एफडी मोडली असेल तर तिची पावती. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी असेल तर त्याचे कागद. फ्लॅट विकला असेल तर नोंदणीकृत करार आणि इंडेक्स टू. हा इंडेक्स टू मराठीत असतो, आणि इथला पॅरालीगल तो वाचू शकत नाही. तो बाजूला ठेवतो, आणि मग पंधरा दिवसांनी भाषांतर मागतो. त्याने मागायच्या आतच प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

भारतातून परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर आहे. आई आणि वडील यांची मर्यादा वेगवेगळी धरली जाते. बँकेतल्या कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून एक्सचेंजच्या आठवड्यात पैसे मागवायला सुरुवात करू नका. आणि जेवढे हात तेवढे पुरावे, हे लक्षात असू द्या. काकांनी थोडे, दादाने थोडे, असे पैसे आले असतील तर प्रत्येकाचे वेगळे कागद लागतात. शक्य असेल तर देणारे कमीत कमी ठेवा.

हे सगळं फोनवरच्या स्क्रीनशॉटच्या रूपात पाच मेलमधून पाठवू नका. एकच पीडीएफ करा आणि पहिल्या पानावर पैशांचा प्रवास साध्या वाक्यांत लिहा : अमुक तारखेला एफडी मोडली, अमुक तारखेला वडिलांच्या खात्यात जमा, अमुक तारखेला माझ्या इथल्या खात्यात इतके पौंड आले, पुरावा पान तीन ते सात. असं पान हातात आलं की तपासणाऱ्याचं अर्ध्या दिवसाचं काम काही मिनिटांत होतं, आणि तुमची फाइल ढिगातून वर येते.

याच संदर्भात स्टॅम्प ड्यूटी. 'आम्ही पहिल्यांदाच घर घेतोय' असं तुम्ही सॉलिसिटरला सांगितलं असेल, पण तुमच्यापैकी कोणाच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे का? पहिल्या घराच्या सवलतीसाठी जगात कुठेही आधी राहण्याजोगं घर मालकीचं असता कामा नये, आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघंही त्या अटीत बसायला हवेत. वारसाने मिळालेल्या घरातला हिस्साही यात मोजला जातो. १ एप्रिल २०२५ पासून ही सवलत ३,००,००० पौंडांपर्यंत शून्य कर अशी आहे, आणि घराची किंमत ५,००,००० पौंडांच्या वर गेली की अजिबात मिळत नाही. शिवाय भारतातलं घर अजून नावावर असेल तर अतिरिक्त घराचा ५ टक्के अधिभार लागू शकतो, आणि त्यासाठी नवरा-बायको एकच धरले जातात. हे एक्सचेंजच्या आदल्या दिवशी बाहेर आलं तर हजारो पौंडांचा खड्डा पडतो आणि सगळं पुन्हा थांबतं. अजून सांगितलं नसेल तर आजच सांगा. नुसती शेतजमीन असेल तर ती घर धरली जात नाही, पण शेतावर घर असेल तर तेही सांगा.

सह्यांचं काम एका झटक्यात उरकता येतं, तरी त्यावरून आठवडे गेलेले मी पाहिलेत. मॉर्गेज डीडवर, म्हणजे घर बँकेकडे तारण ठेवण्याच्या दस्तावर, साक्षीदारासमोर सही करावी लागते, आणि नवरा-बायको एकमेकांचे साक्षीदार चालत नाहीत, घरातलं माणूसही नको. शेजारी किंवा ऑफिसमधलं कोणी बघा. दोघांपैकी एक दिवाळीला किंवा घरच्या लग्नाला भारतात जाणार असेल तर कागद आधीच मागवून, तारीख न घालता सही करून सॉलिसिटरकडे ठेवता येतात. तारीख तो कंप्लीशनला घालतो.

एस्टेट एजंटकडे शत्रू म्हणून बघू नका. तो विक्रेत्याचा माणूस आहे हे खरं, पण त्याचं कमिशन व्यवहार पुरा झाल्यावरच मिळतं, म्हणून उशीर त्यालाही नको असतो. तुमचा सॉलिसिटर विक्रेत्याशी थेट बोलू शकत नाही, त्याला विक्रेत्याच्या सॉलिसिटरमार्फतच जावं लागतं. तुमच्यावर असं बंधन नाही. बाकी एन्क्वायरींची यादी हातात आली की ती एजंटला पाठवा आणि म्हणा, यातल्या दुसऱ्या आणि पाचव्याचं उत्तर विक्रेत्याकडे आहे, त्यांना आज विचाराल का? बॉयलरच्या सर्व्हिसची पावती, खिडक्या नियमांनुसार बसवल्याचं फेन्सा सर्टिफिकेट, असले कागद विक्रेत्याच्या ड्रॉवरमध्ये असतात आणि सॉलिसिटरांच्या पत्रापत्रीत महिनाभर अडकतात.

मात्र एका बाबतीत हात आवरा. भिंत पाडलीय आणि तिचा मंजुरीचा कागद नाही, असं काही निघालं तर उत्साहाने काउन्सिलला फोन करून विचारू नका. अशा त्रुटींवर बऱ्याचदा इंडेम्निटी विमा, म्हणजे त्या त्रुटीमुळे पुढे होणारं नुकसान भरून देणारा विमा, काढून मार्ग काढतात, आणि काउन्सिलला आधीच खबर गेली असेल तर तो विमा मिळत नाही. असा फोन करण्यापूर्वी सॉलिसिटरला विचारा.

आणखी एक सावधगिरी. खूप दिवस शांतता आणि मग अचानक मेल, की आमचा बँक खाते क्रमांक बदललाय, डिपॉझिट तातडीने इकडे पाठवा. हा मेल सॉलिसिटरचा नसतो. कंटाळलेला, घाईतला खरेदीदार अशा वेळी फसतो आणि आयुष्याची पुंजी जाते. खाते क्रमांक नेहमी सुरुवातीच्या पत्रावरच्या फोन नंबरवर, तुम्ही स्वतः फोन लावून पडताळा.

आता तक्रार आणि बदल. वरच्या पद्धतीचे दोन मेल जाऊनही यादी आली नाही, तर फाइल बघणाऱ्याच्या वरिष्ठाला लिहा. सुरुवातीला आलेल्या क्लायंट केअर लेटरमध्ये त्याचं नाव आणि तक्रारीची पद्धत दिलेली असते, ती देणं ऑफिसला बंधनकारक आहे. चढ्या आवाजात लिहू नका, तारखा लिहा : या तारखेला विचारलं, उत्तर नाही, या तारखेला पुन्हा विचारलं, उत्तर नाही, मॉर्गेज या तारखेला संपतं. बहुतेक फाइली इथेच हलतात. नाही हलली तर त्याच मजकुराची औपचारिक तक्रार करा. ऑफिसला ती निकाली काढायला आठ आठवडे असतात. त्यानंतर, किंवा त्यांचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, लीगल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येतं, आणि मूळ गोष्ट घडून किंवा तुमच्या लक्षात येऊन एक वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहकाला त्याचा खर्च नाही. ऑम्बुड्समन भरपाई देऊ शकतो, फी कमी करायला लावू शकतो. पण तुमचा व्यवहार पुढच्या महिन्यात पुरा करून देणं त्याच्या हातात नाही, म्हणून तो मार्ग नंतरच्यासाठी ठेवा. सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी अप्रामाणिकपणा आणि गैरवर्तन बघते, नुसती दिरंगाई तिच्याकडे नेऊन फारसं काही होत नाही. आणि विक्रेत्याचा सॉलिसिटर संथ असेल तर त्याची तक्रार तुम्हाला करता येत नाही, कारण तुम्ही त्याचे ग्राहक नाही.

सॉलिसिटर बदलावा का? तुमच्या टप्प्यावर माझं मत स्पष्ट आहे : नको. नवा सॉलिसिटर तुमच्या बँकेच्या पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) असावा लागतो, बँकेला सूचना नव्याने द्याव्या लागतात, ओळख आणि पैशांची तपासणी पहिल्यापासून, जुन्याचं झालेल्या कामाचं बिल भरल्याशिवाय फाइल सुटत नाही, आणि नवा माणूस जुन्याच्या एन्क्वायरींवर विसंबत नाही, स्वतःच्या वेगळ्या काढतो. यात तुमचा उरलेला महिना सहज जाईल. ऑफर मान्य झाल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत सर्चही मागवले गेले नसते तर मी बदला म्हटलं असतं. आत्ता फक्त एकाच परिस्थितीत बदलाल : वरिष्ठाकडूनही उत्तर येत नाही आणि ऑफिस बंद पडण्याच्या मार्गावर दिसतंय.

मॉर्गेजच्या मुदतीचं काम मात्र सॉलिसिटरवर सोडू नका. कर्ज मिळवून देणाऱ्या ब्रोकरला या आठवड्यात फोन करा आणि मुदतवाढ कशी मिळते, त्यासाठी कोणते कागद लागतात, व्याजाचा दर तोच राहतो का, हे लेखी घ्या. काही बँका पगाराच्या ताज्या स्लिपा मागतात, काही नव्याने अर्ज करायला लावतात. या काळात नोकरी बदलू नका, नवं कर्ज घेऊन गाडी घेऊ नका. सर्चही साधारण सहा महिन्यांपेक्षा जुने झाले की बँकेला चालत नाहीत, तेव्हा त्यांच्या तारखाही त्याच फोनआधी हाताशी ठेवा.

भाड्याच्या घराची नोटीस एक्सचेंज झाल्यावरच द्या, त्याआधी नाही, एजंटने कितीही खात्रीने तारीख सांगितली तरी. एक्सचेंज आणि कंप्लीशन यांत तुमच्या नोटीसच्या काळाइतकं अंतर ठेवता येतं, दोन्ही बाजू तयार असल्या की झालं. सॉलिसिटरला हे आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे तारीख ठरवताना तो विचारेल. दोन-तीन आठवडे दोन्ही घरांचं भरावं लागलं तरी चालेल, पण बोचकी बांधून, घरमालकाला नवा भाडेकरू मिळालाय आणि इकडे करारावर सह्याच नाहीत, अशा अवस्थेत मुलाबाळांसकट सापडू नका.